टॉवेलाखालचा भाव

जुन्या गाडीचा भाव ठरवायची वेळ आली तसा तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि तो हात दुकानदारापुढं केला. जन्मभर बैलबाजारात दलाली केलेला माणूस. भाव टॉवेलाखाली बोटं दाबूनच करायचा, एवढंच त्याला ठाऊक.

“काका, ही गाडी आहे, बैल नाही!” दुकानदारानं दात काढले.

वैजूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदार मागत होता ते दोन लाख म्हणजे तिची नर्सच्या नोकरीतली पाच वर्षं होती. कशाला आणलं बापाला सोबत?

तात्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. ते तापलेलं होतं. “आम्ही यायच्या आधी हिला का पळवलीस रे भामट्या? गार असताना चालू होत नाही, म्हणून? लंगडा बैलसुद्धा असाच चालवून, अंग मोकळं करून गिऱ्हाइकाला दाखवतात.”

दुकानदाराचं तोंड उतरलं. “किती कमी करू, ताई?”

वैजूनं टॉवेलाखाली हात सारला. तात्यांच्या राठ हातानं तिची चार बोटं दाबली.

“दुरुस्तीचे चाळीस हजार,” ती म्हणाली. दुकानदारानं मुकाट मान डोलावली.

वैजूनं हात मात्र टॉवेलाखालीच राहू दिला.