भाऊसाहेबांवर पंच

भाऊसाहेबांच्या पुतळ्याच्या चौथऱ्याचा पाया खणताना जेसीबीनं केबल तोडली आणि संस्थेला दोन भाऊसाहेब झाले. एकच झेपत नव्हता.

संस्थापक भाऊसाहेब इंगवले वारले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचं डोकं सर्व्हरवर चालत होतं आणि संस्था त्या डोक्यावर. एक सर्व्हर कॉलेजात, दुसरा वसतिगृहात. पहिला बंद पडला तर दुसऱ्यानं जागं व्हायचं. दोघांमधली केबल तुटताच दुसऱ्याला वाटलं, पहिला गेला. तो जागा झाला. पहिला मात्र ठणठणीत होता. दुपारपर्यंत एकानं भाचीला प्राचार्य केलं, दुसऱ्यानं पुतण्याला.

इंजिनियर उत्तरा सावदेकरनं केबल जोडली. आता दोघांतल्या एकाला कायमचं पुसणं भाग होतं. ऑफिसातल्या दोन स्क्रीनवरून दोघंही तिच्याकडे बघत होते.

"सावदेकर, पुसा त्या भामट्याला!" एक गरजला.

"भामटा तो! अस्सल मी आहे," दुसरा ओरडला.

उत्तरानं पर्समधून स्वतःचा जुना आराखडा काढला. त्यात तिनं तिसरं, लहानसं मशीन मागितलं होतं. संपर्क तुटला तर दोघांपैकी कोणी चालू राहायचं, एवढंच त्यानं ठरवायचं होतं. त्या ओळीवर लाल शाईची काट होती. शेजारी भाऊसाहेबांच्या हयातीतला शेरा होता: 'माझ्यावर पंच कशाला?' खाली झोकदार सही.

तिनं कागद दोन्ही स्क्रीनसमोर धरला. "ही सही कोणाची?"

दोघं एकाच आवाजात म्हणाले, "त्याची."