माया

टोपी पहिल्या वाढदिवसाची होती आणि तिसऱ्या वर्षीही लेकाला चपखल बसत होती. शिलाईकाम करणाऱ्या उज्ज्वलाला आपल्या मापाचं कौतुकच वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोक्याला टेप लावली. "मेंदूची वाढ पोटातच खुंटलीय. गरोदरपणी दारू घेत होतात?"

"छे हो! दारूला आमच्यात कुणी शिवत नाही. कंबर दुखायची म्हणून सासूबाई रोज अर्धा पेला ब्रँडी द्यायच्या. औषध म्हणून."

"ब्रँडी म्हणजे दारूच, ताई. ती बाळापर्यंत पोचते."

"मग आता यावर औषध?"

"नाही," म्हणत बाईंनी टेप गुंडाळली.

घरी आल्यावर तिनं टोपी उलटी केली. पोर वाढेल तशी उसवून मोठी करता यावी, म्हणून तिनं आत दोन बोटं माया सोडली होती. ती जशीच्या तशी होती.