मेलवरचे दोन शेठ

खेमराज शेठनं हसून मान डोलावली. समोर बसलेल्या दियालो शेठनंही हसून मान डोलावली. दवनीवाड्याच्या राइस मिलच्या ऑफिसात दहा मिनिटांपासून एवढंच चालू होतं.

तसे दोघं जुने दोस्त. तीन वर्षांपासून गोंदियाचा तांदूळ सेनेगलला जात होता, तो या दोघांच्या इंग्रजी मेलवर. एकदा तर तांदळाच्या ओलाव्यावरून आठ दिवस कडाकडा भांडले होते. फक्त खेमराज शेठचे मेल लिहायची त्यांची सून दुर्गेश्वरी. खाली नाव सासऱ्याचं. तिनं एकदा विचारूनही पाहिलं होतं, "मामाजी, एखाद्या मेलखाली माझं नाव टाकू का?"

"कायले? बाईचं नाव दिसलं का गिऱ्हाईक भाव पाडते."

आज वर्षभराचा सौदा पक्का व्हायचा होता. दियालो शेठ पहिल्यांदाच आला होता. सकाळीच सुनेला हुकूम झाला, तू चहा आण, बोलतो मी. खेमराज शेठनं इंग्रजीची दोन वाक्यं घोकून ठेवली होती. ती खुर्चीत बसता बसताच संपली.

शेवटी एकदाची दुर्गेश्वरी चहा घेऊन आली. खेमराज शेठनं बुडत्या माणसासारखं तिच्याकडे पाहिलं. नेमकं तेव्हाच दियालो शेठनं मागे वळून आपल्या मुलीकडे, फातूकडे, तसंच पाहिलं. ती बॅग धरून गपचूप उभी होती.

खेमराज शेठच्या डोक्यात उजेड पडला.

"काय वो दुर्गेश्वरी, याचे मेल बी याची पोरगीच लिहिते का?"

"हो, मामाजी."

शेठ पोट धरून हसले. दियालो शेठला काही कळलं नाही, तरी तोही हसला. खेमराज शेठ उठले आणि आपली खुर्ची सुनेकडे सरकवली. "बस इथं. सौदा तूच कर. आन खाली नाव तुयंच टाक."

फातूनं बॅगेतून कागद काढून टेबलावर ठेवला. भाव, वजन, तारखा, सगळं छापलेलं. सहीच्या जागेवर दोन नावं होती. दुर्गेश्वरी आणि फातू.

"हे तर झालंच हाय. मग या बुढ्याले इतक्या दूर कायले आणलं?"

"तिच्या घरी बी बाईचं नाव चालत नाही, मामाजी. म्हणलं, दोन्ही शेठले समोरासमोर बसवून पाहू." दुर्गेश्वरीनं त्यांच्या हातात कप दिला. "फातू म्हणे, पाच मिनिटं टिकतील. मी म्हणलं, आमचे मामाजी दहा काढतील."