सगळ्यांना एकच डबा

"तेल कमी वाटतंय गं, सुनिता," रामहरी सर म्हणाले. पंचांच्या टेबलावरून उठून ते मुद्दाम तंबूत आले होते. त्यांनी डबा हलवला, नाकाशी नेला. "एरंडेलाचा वासच येईना."

"सगळ्यांना एकच डबा हाय, सर. कमी असंल तर सगळ्यांनाच कमी."

नियमच तसा होता. अंबाजोगाईच्या या स्पर्धेत छोट्या मॉडेल विमानांचं इंधन क्लबनंच कालवायचं, मिथेनॉलमध्ये एरंडेल, आणि सगळ्यांनी त्याच डब्यातून घ्यायचं. कुणाला खास माल नको, कुणाची लबाडी नको. एरंडेलाचे चिकट हात कुणालाच नको असायचे, म्हणून हे काम दर वर्षी सुनिताच्या गळ्यात. सर मान हलवत परत गेले.

आणि तेल कमी होतंच. चांगलं निम्म्यानं कमी. तिनं ते शुद्धीत, मोजूनमापून कमी केलं होतं.

पुण्याहून मागवलेल्या नव्या इंजिनांना त्यानं काही होणार नव्हतं. उलट ती जरा जास्तच पळाली असती. मैदानावर जुन्या पद्धतीचं, लोखंडी पिस्टनचं इंजिन एकच होतं. त्याला भरपूर तेल लागायचं. तेल कमी पडलं की ते तापणार, पिस्टन आतल्या आत जाम होणार, आणि खेळ खलास. ते इंजिन राधाकिशनअण्णांचं.

अण्णांचं म्हणे! डोंबलाचं त्यांचं! केजच्या स्टँडमागं अण्णांचं वर्कशॉप होतं. सुनिता तिथं कामाला. लेथवर उभं राहून ते इंजिन बनवलं कुणी? सुनितानं. सिलिंडर तिनं कातलं. पिस्टन हातानं घासून घासून बसवला, बोटांची सालटी निघाली. अण्णा शेतातून येता-जाता दारात उभे राहून "झालं का गं?" एवढं विचारायचे. विमान उडवलं अण्णांनी, दोन वर्षं ढाल गेली अण्णांच्या घरी. पेपरात फोटो आला, खाली छापलं, 'केजच्या शेतकऱ्यानं घडवलं विमानाचं इंजिन'. सुनिता शेजारीच उभी होती. छापताना तिला कापली. तिचा कोपर तेवढा आला.

त्या कोपरावरून नवऱ्यानं, शहादेवनं, तिला महिनाभर चिडवलं. "तूच बनवलंस म्हणून सांगत नको फिरू," तो हसत हसत म्हणाला होता, "लोक येडी म्हणतील." शहादेव विसरूनही गेला. तिच्या डोक्यातून ते काही जाईना.

गेल्या आठवड्यात तिनं अण्णांना सरळ विचारलं. "अण्णा, औंदा माझं नाव घालता का?"

अण्णांनी खाली बघत "बघू" म्हटलं आणि इंजिन फडक्यात गुंडाळायला घेतलं.

"कावून नेताय?"

"ऱ्हाऊ दे चार दिवस माझ्यापाशी."

जसं काही ती चोरणार होती! आणि काल वर तोंड करून सांगतात, "उद्या जरा बरी साडी नेसून ये. पाव्हणे हायेत."

म्हणजे चहाचे कप फिरवायला! सुनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मुद्दाम ग्रीसचे डाग पडलेली साडी नेसून आली. सकाळी तंबूत एकटी इंधन कालवत बसली, तेव्हा तेलाचं माप अर्ध्यावरच थांबवलं. माझं न्हाई ना? मग कुणाचंच न्हाई.

नवी विमानं एकेक करून उडाली आणि उतरली. कुणाची काही तक्रार नाही. शेवटी अण्णा मैदानात उतरले.

ही तारेवरची विमानं. उडवणारा मधोमध मूठ धरून उभा राहतो आणि मुठीच्या दोन तारांवर विमान त्याच्याभोवती गरागरा फिरतं. एकदा सुटलं की टाकी रिकामी होईस्तोवर थांबवायची सोय नाही.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. होणारच, तिनं बनवलं होतं. विमानानं जमीन सोडली तसा सुनिताचा ऊर भरून आला, आणि भरून आला म्हणून तिला स्वतःचाच संताप आला. थोडा वेळ आवाज स्वच्छ होता. मग त्यात बारीक किरकिर लागली. दुसऱ्या कुणाला ती कळली नसती.

"आता कळंल," ती दात आवळून म्हणाली.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. निवेदन करणाऱ्या धनश्री मॅडम बोलू लागल्या.

"मंडळी, हे विमान यंदा राधाकिशनरावांच्या नावावर नाही. विमान वर गेल्यावरच हे सांगा, अशी त्यांची अट होती. ते म्हणतात, दोन वर्षं दुसऱ्याची मेहनत मी माझी म्हणून मिरवली, मला त्याची लाज वाटते. हे इंजिन केजच्या सुनिताताईंनी एकटीनं घडवलंय. सिलिंडरवर आता त्यांचं नाव कोरलंय. आजपासून इंजिन त्यांचं, आणि ढाल मिळाली तर तीही त्यांचीच. ताई, पुढं या!"

सगळं मैदान तिच्याकडं वळलं. टाळ्या सुरू झाल्या. गर्दीत शहादेव उठून उभा राहिला होता आणि शेजारच्या माणसाला गदागदा हलवत ओरडत होता, "माझी बायको हाय ती! माझी बायको!"

सुनिता धावत सुटली. आखलेल्या चुन्याच्या रेघेपाशी येऊन तिनं दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांतानं हलवले. "अण्णा, खाली घ्या! खाली घ्या वो!"

"बघा, ताईंना केवढा आनंद झालाय!" धनश्री मॅडम माइकवर म्हणाल्या. टाळ्या आणखी वाढल्या.

मधोमध उभ्या अण्णांनी तिला पाहिलं. मोकळा हात वर करून ते हसले, आणि मूठ मागं खेचून त्यांनी विमान आणखी उंच नेलं.