नव्या वर्दीची तक्रार

वर्दी फार नवी दिसते, अशी कर्नलसाहेबांची तक्रार होती. ती ऐकून वहाबने कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानामागेच खोचली.

सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या बाजारात शिंपीकाम करता करता वहाबचे केस पिकले होते. छावणीचं गाव, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक फौजीच. जुनं नव्यासारखं करून द्या म्हणणारे रोज यायचे. नव्याचं जुनं करून दे म्हणणारा आजच भेटला.

पंधरवड्यापूर्वी इराकचे रणगाडे कुवेतमध्ये शिरले आणि बघता बघता देशच गेला. जे निसटले ते सरहद्द ओलांडून इकडे आले, आणि गावाबाहेर त्यांच्या फौजेचे तंबू पडले. कोणी घरच्या कपड्यांत आला होता, कोणी अनवाणी. सगळ्यांना आता वर्दी हवी होती. याला कोकणात बैल गेला नि झोपा केला म्हणतात, पण वहाब ते मनातल्या मनातच म्हणायचा. त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कफीलच्या, त्याला कामावर ठेवणाऱ्या सौदी मालकाच्या, हातात होता, आणि कफीलचा धंदा छावणीवर चालत होता. गावाहून मासूमाचे निरोपावर निरोप येत होते, की पुरे झालं, परत या. हातातली शिवण संपली की येतो, असं तो बायकोला कळवायचा, आणि शिवण काही संपत नव्हती.

कर्नलसाहेबांनी समजावून सांगितलं. उद्या छावणीत परदेशी वार्ताहर यायचे होते, फोटो निघायचे होते. अशा वेळी कडक इस्त्रीची वर्दी बरी दिसत नाही. कोपराला ठिगळ लाव, खांदा थोडा जाळ, जरा रंग उडव. बोलताना त्यांच्या अंगाला उंची अत्तराचा वास येत होता. ते कुवेतहून बायकामुलांना मोटारीत घालून निघून आले होते. वहाब माप घ्यायला गेला तेव्हा त्यांच्या पांढऱ्या झग्यावर एक सुरकुती नव्हती.

बाकाजवळ मुतलक उभा होता, नुसत्या बनियनवर. त्याच फौजेतला तोफची. त्याचा सदरा वहाबच्या मशीनवर पडला होता, खांद्यावर जळलेला, बरगडीपाशी रक्ताचा डाग असलेला. कर्नलसाहेब यायच्या आधी तो बसून सांगत होता. हल्ल्याच्या पहाटे त्यांनी दारूगोळ्याच्या पेट्या उघडल्या, तर निम्म्या रिकाम्या निघाल्या. कोठार ज्या साहेबाच्या ताब्यात होतं तो सगळ्यांच्या आधी निघून गेला होता. होते तेवढे गोळे संपेपर्यंत मुतलकची तुकडी जागची हलली नाही. तिच्यातला हा एकटा इथवर पोचला.

आणि इथे नव्या पलटणीत नाव द्यायला गेला, तर नागरिकत्वाचा कागद मागितला. तो मुतलककडे कधीच नव्हता, त्याच्या बापाकडेही नव्हता. अशा माणसांना तिकडे बिदून म्हणत. देश त्यांना फौजेत घ्यायचा, पण आपलं म्हणायचा नाही. नाव लागलं नाही तर तंबू सोडावा लागणार होता, आणि तंबू सोडून जायला मुतलकला जगात जागा नव्हती.

कर्नलसाहेब दारात दिसले तसा मुतलक ताडकन उठला होता. बनियनवरच त्याने सलाम ठोकला होता, आणि त्याचा चेहरा पाहून वहाबला कळलं होतं, कोठाराचा साहेब तो हाच. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि उद्या कुंपणाचे फोटो निघायचे होते.

साहेबांनी काही मुतलकला ओळखलं नाही. त्यांची नजर मशीनवर गेली. त्यांनी सदरा उचलून उजेडात धरला आणि जळका खांदा बोटांनी चाचपून पाहिला.

"हाच दे," ते म्हणाले. "माझे बिल्ले आणि झेंडा यावर चढव. माझा नवा याला देऊन टाक."

नाही म्हण बाबा, असं वहाबला ओरडून सांगावंसं वाटलं. मुतलक म्हणाला, साहेबांनी खुशाल न्यावा, फक्त पलटणीत माझं नाव लावायला सांगावं. सांगतो, खलास, झालंच समज, असं म्हणून साहेब खुर्चीत बसले.

वहाब कामाला लागला. स्वतःची लाज वाटत होती, तरी हात चालत होते. नव्या सदऱ्यावरचे बिल्ले त्याने उसवले, दंडावरचा झेंडा उसवला, आणि जळक्यावर नीट टाचला. मुतलक काटकुळा, साहेबांचं पोट सुटलेलं, म्हणून बाजूच्या शिवणी उसवून आत दाबलेलं कापड मोकळं करावं लागलं. डाग धुऊन देऊ का, असं त्याने विचारलं. राहू दे, बरा दिसतो, असं उत्तर आलं. तो डाग मुतलकच्या तोफेवरच्या मेलेल्या जोडीदाराचा होता. रक्त कोणाचं हे साहेबांनी विचारलं नाही.

सदरा घालून ते आरशासमोर उभे राहिले, खांदे जरा पाडून पाहिले, आणि निघून गेले. गाडीचा आवाज लांब गेला. मुतलकने नवा सदरा अंगात घातला. झेंडा होता तिथे सुईची भोकं तेवढी राहिली होती.

"त्याने तुझं नावसुद्धा विचारलं नाही," वहाब म्हणाला. "मग लावणार कोणाचं?"

"माहीत आहे."

"मग दिलास कशाला?"

मुतलकने सावकाश शेवटचं बटण लावलं.

"माझ्या अंगावर तो एका बिदूनचा फाटका सदरा होता, दोस्ता," तो म्हणाला. "साहेबांच्या अंगावर पाहतील तेव्हा लोक म्हणतील, हा देश लढला."