सागवानी स्टेशन

बाबा निवृत्त स्टेशनमास्तर. माझं नाव त्यांना आठवत नाही, गाड्यांच्या वेळा मात्र तोंडपाठ. डोळा चुकवून निघतात आणि भर रहदारीतून स्टेशन गाठतात. दोनदा ट्रकखाली येता येता वाचले.

म्हणून परसात खेळण्यातल्या गाडीचे छोटे रूळ टाकले. "बाबा, गाडी इथेच येते" म्हणायला आता एक चिमुकलं लाकडी स्टेशन तेवढं हवं होतं. पण उन्हापावसात टिकेल असं काडीएवढं बारीक सागवान कुठे मिळेना. "साहेब, आम्ही घरं बांधायला लाकूड देतो, दात कोरायला नाही," वखारवाला म्हणाला. नवं लाकूड आणलं, तर चिरताच पिळवटलं. मी अगदी रडकुंडीला आलो.

आज घरातच जुनं, चांगलं मुरलेलं सागवान हाती लागलं. दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर परसात बसून चिरलं. निम्मं भुशात गेलं, तरी चाळीस सरळसोट पट्ट्या निघाल्या. छपराची शेवटची पट्टी चिकटवतोय, तोच बायको धावत आली.



"अहो, बाबा घरात नाहीत! पुढच्या दाराचा अडसर कुठे गेला? तेवढाच काय तो त्यांना निघत नव्हता!"