आभाचं दूध

आतल्या खोलीतून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं, गॅसवर बाटली उकळत होती आणि दारावर थाप पडली तेव्हा सदानंदचे दोन्ही हात दुधाच्या पावडरीने माखलेले होते.

दारात शेजारच्या शोभनाताई उभ्या होत्या.

"सकाळपासून ऐकतेय हो. आई कुठाय लेकराची?"

"मुंबईला. तिचे वडील अचानक वारले. बाळाचा पासपोर्ट झालेला नाही अजून, म्हणून आभाला इथंच ठेवून जावं लागलं मुग्धाला."

हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. ऑफिसात, कोपऱ्यावरच्या अजीजच्या दुकानात, लिफ्टमध्ये सांगून सांगून पाठच झालं होतं.

"अगं बाई!" म्हणत शोभनाताई सरळ स्वयंपाकघरात शिरल्या.

दुबईपलीकडच्या फुजैरातल्या त्या बिल्डिंगमध्ये जागा मिळायची ती फक्त फॅमिलीला. एकट्या माणसाला घरमालक दारात उभं करत नसे. खालच्या मजल्यावरच्या एकाची बायको गावी गेली ती परतलीच नाही, हे कळल्याबरोबर त्याची गादी जिन्यात आली होती. सदानंद इथे नुकताच आला होता. त्याआधी खोर फक्कानला, कंपनीच्या कॅम्पमध्ये. एका खोलीत आठजण, आणि तरी बोलायला कोणी नाही. तिथे परत जायचं नाही, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि आज मालकाचा माणूस खैरुद्दीन घरोघरी फिरून फॅमिली बघणार होता.

शोभनाताईंनी डबा उचलून डोळ्यांजवळ नेला.

"सदानंदराव, हे चहाचं दूध आहे!"

"हो... म्हणजे तिचं संपलं. आणणारच होतो."

"मग जा की. मी बसते बाळाजवळ."

"नको!" तो जवळजवळ ओरडलाच. मग ओशाळला. "नवीन माणूस दिसलं की घाबरते ती."

शोभनाताईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं. मीच आणते."

त्या खाली गेल्या. सदानंद भिंतीला टेकून उभा राहिला. पलीकडून घोरण्याचा आवाज येत होता. शोभनाताईंचे यजमान पोर्टवर नाइट ड्यूटीला असत आणि दिवसभर झोपत. सदानंदने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण सुट्टीच्या दिवशी, जेव्हा दिवस सरता सरत नसे, तेव्हा त्या घोरण्याचा त्याला मोठा आधार वाटे. भिंतीपलीकडे का होईना, कोणीतरी आहे.

नवा डबा घेऊन शोभनाताई आल्या आणि त्यांनी पदर खोचला.

"आधी पाणी, मग पावडर. तुम्ही उलटं करत होतात. पाणी उकळलेलं हवं, पण पार गार होऊ द्यायचं नाही. चमचा दाबून भरायचा नाही, सुरीने सपाट करायचा. डब्यावर लिहिलंय तेवढेच चमचे. मायेने एखादा जास्त घालाल, नि पोट बिघडेल पोरीचं."

"तुम्हाला बरंच माहीत आहे."

"चार भाचरं वाढवलीत हो. दुसऱ्यांची पोरं वाढवण्यात माझा हात कोण धरणार?" त्या हसल्या आणि बाटलीतला थेंब त्यांनी मनगटावर टाकून पाहिला. "हं. आता झालं."

तेवढ्यात बेल वाजली.

"यल्ला, सदानंदभाई!" बाहेरून खैरुद्दीन ओरडला. "मॅडम किधर है? बच्चा दिखाओ. सेठ रोज पूछता है."

सदानंदला पाठ केलेलं वाक्य आठवेना. शोभनाताईंनी बाटली त्याच्या हातात कोंबली आणि दार अर्धवट उघडून स्वतःच आडव्या उभ्या राहिल्या.

"खैरुद्दीनभाई, मॅडम के पिताजी गुजर गये, वो इंडिया गयी. बच्ची को सव्वा महिना नहीं हुआ. हमारे में तब तक बाहर के आदमी को नहीं दिखाते. नजर लगती है."

बाळ किती दिवसांचं आहे, हे त्यांनी सदानंदला विचारलंही नव्हतं.

खैरुद्दीनने आतलं रडणं ऐकलं, सदानंदच्या हातातली बाटली पाहिली आणि कानाच्या पाळ्या धरल्या. "माशाल्ला, माशाल्ला! मैं क्यों नजर लगाऊं? फॅमिली है, लिख देता हूं. और आपके साब?"

शोभनाताईंनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. भिंत घोरत होती.

"सोने दो, सोने दो. खलास," म्हणत तो पुढच्या दाराकडे वळला.

दार लागलं. आतलं रडणंही थांबलं. हळूहळू नव्हे, मध्येच तुटल्यासारखं. सदानंद बाटली धरून तसाच उभा होता. शोभनाताईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, बूच फिरवून दूध दोन कपांत ओतलं, वर साखर घातली आणि एक कप त्याच्यापुढे सरकवला.

"साठ मिनिटांची कॅसेट पुरत नाही, सदानंदराव," त्या दूध ढवळत म्हणाल्या. "नव्वदची आणा. आमचे हे नव्वदच्याच कॅसेटवर घोरतात."